तेरा नंबरचा बलक

मी खोटं बोललो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की बोललो. त्या दिवशी विनोदिनीच्या स्वयंपाकघरात मी फक्त दोन आकडे सांगितले, आणि दोन्ही बरोबर होते. खोटं मी नंतर बोललो, आणि तेही एकदाच नाही.

माझं नाव सगुण. कोरगावात माझी अंड्यांच्या कोंबड्यांची शेड आहे, तीनशे पक्ष्यांची. त्याआधी बावीस वर्षं डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या तेव्हा, कोंबड्या पाळायला काय मोठी अक्कल लागते, असं म्हणून या धंद्यात पडलो. पहिल्या वर्षी कोंबड्यांनीच माझी अक्कल काढली. अंडी चांगली वजनदार, कवच घट्ट, सगळं ठीक, पण गिऱ्हाईक नाक मुरडायचं: आत पिवळं फिकं आहे. आमच्याकडच्या माणसाला ताजेपणाशी देणंघेणं नाही. अंडं फोडल्यावर आत तांबूस दिसलं पाहिजे. तांबूस म्हणजे गावठी, गावठी म्हणजे अंगाला लागणारं, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पक्का झालेला.

मग खाद्य पुरवणाऱ्या माणसाने मला पावडरची पिशवी दिली. झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क, त्यात थोडा लाल मिरचीचा. खाद्यात थोडीशी मिसळायची, बारा दिवसांत बलक केशरी. पिशवीबरोबर त्याने एक पंखाही दिला. वाऱ्याचा नव्हे, रंगाचा. भिंतीचा रंग निवडायला दुकानात पट्ट्या दाखवतात तशा पंधरा पट्ट्या, एका टोकाला जोडलेल्या. एक नंबर म्हणजे पाणचट पिवळा, पंधरा म्हणजे जवळजवळ लाल. अंडं फोडायचं, बलकाशेजारी पट्टी धरायची आणि आकडा वाचायचा. माझी अंडी सहावरून तेरावर गेली. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं, यात वाईट काही नाही ना? ते म्हणाले, वाईट काही नाही, झेंडूच तो. पण रंगावरून अंड्याची ताकद ठरत नाही हो, कोंबडीने काय खाल्लं एवढंच कळतं. मी मान हलवली. कामाचं तेवढं घेतलं आणि उरलेलं तिथेच सोडून आलो.

विनोदिनी ही गावातल्या दुकानदाराची, अनंतची, बायको. दुकान खरं तीच चालवते. माझी अंडी तिच्याकडे जायला लागली तेव्हा तिने पाटीवर खडूने 'गावठी अंडी' असं लिहिलं. मी लिहायला सांगितलं नव्हतं. मी पुसलंही नाही.

खरी गावठी अंडी आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, एकाच ठिकाणी मिळायची, शेवंतीवहिनीकडे. माझ्या थोरल्या भावाची बायको. आमची घरं शेजारी, मधे एक निवडुंगाचं कुंपण. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, धड नाक पुसता येत नव्हतं, तरी रीत म्हणून ती मला 'भावजी' आणि 'तुमी' म्हणायची. अजून म्हणते. पहिल्या माहेरपणाहून परतताना तिने सातार्ड्याहून टोपलीत घालून एक तलंग, अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, आणली होती. तिच्या अंगणातल्या सगळ्या कोंबड्या त्या एका तलंगेच्या लेकी, नाती, पणत्या. कुठलीही कोंबडी दाखवा, ती हिची आई कोण, आजी कोण, कोणाला मुंगसाने नेलं, सगळं सांगायची. मला माझ्या पणजोबांचं नाव आठवत नाही.

ती अंडी दुकानात देत नसे. वाड्यावर कोणी बाळंत झालं, कोणी तापातून उठलं, की वहिनी पदराखाली अंडी घेऊन हजर. लोक तिला कधी पोहे द्यायचे, कधी कोकमाची सोलं. दादा गेल्याला आठ वर्षं झाली. नवरा गेला की बाईची बोलावणी कशी हळूहळू गळतात ते आम्ही सगळे पाहतो आणि कोणी काही बोलत नाही. वहिनीची गळली नाहीत. कारण बाळंतिणीला अंडं द्यायचं तर ते शेवंतीचंच. नव्या मुलाचं तोंड बघायला आत जाणाऱ्यांत ती पहिली असायची. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. मूलबाळ नव्हतं. हे एक नाव होतं.

एप्रिलमध्ये विनोदिनीची मुलगी कोमल बाळंतपणासाठी माहेरी आली. मुलगा झाला. चौथ्या दिवशी वहिनीने डझनभर अंडी दारातूनच नेऊन दिली; सोयर फिटेपर्यंत आत जायचं नसतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात माल टाकायला गेलो तर विनोदिनीने मला आत स्वयंपाकघरात बोलावलं. मेजावर दोन बशा होत्या. एकीत वहिनीचं अंडं फोडलेलं, दुसरीत माझं. वहिनीचं फिकट, आजारी माणसाच्या डोळ्यासारखं पिवळं. माझं कसं, सकाळचा सूर्य. विनोदिनीचा आवाज अगदी हळू होता, म्हणजे ती फारच चिडली होती. शेवंती शहरातून ट्रेची अंडी आणून गावठी म्हणून देते, असं तिचं म्हणणं. पोरीच्या तोंडात घास घालायचा म्हणून बरं आधी फोडून बघितलं.

मग ती म्हणाली, "सगुणभाऊ, तुमी ह्या धंद्यातले. तुमीच सांगा, ह्यातला गावठी खंयचा?"

आता काय झालं होतं ते मला लख्ख माहीत होतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे गवताचं पातं उरत नाही. कोंबड्या काय खाणार? वहिनी घालायची ती कणी आणि उरलेला भात. तांदळात रंग नसतो, तर बलकात येणार कुठून? पावसात तिचीच अंडी, त्याच कोंबड्यांची, माझ्या तेराच्या तोंडात मारतील अशी निघायची. हे एवढंच सांगायचं होतं. पण हे सांगायचं म्हणजे पुढचा प्रश्न ठरलेला: मग तुमची एप्रिलमध्ये एवढी तांबूस कशी? आणि बाहेर ती पाटी.

मी खिशातून पंखा काढला. का काढला, देव जाणे. ट्रक चालवत होतो तेव्हाही अडचणीत आलो की मी कागदपत्रं पुढे करायचो. पट्ट्या बशीशेजारी धरल्या. "ह्या पाच," मी म्हटलं, "ह्या तेरा."

विनोदिनीने सुस्कारा सोडला. आकड्यापुढे कोण बोलणार? मी चहा प्यायलो आणि उठलो. बाहेर येऊन स्कूटर सुरू करताना स्वतःला सांगितलं, मी वहिनीविरुद्ध एक अक्षर बोललेलो नाही.

गावात बातमीला पाय लागत नाहीत. आठवड्याभरात वाड्यावर सगळ्यांना ठाऊक झालं की शेवंतीची अंडी पाच नंबरची. ज्यांना पंखा म्हणजे काय ते माहीत नव्हतं तेही पाच म्हणायला लागले, जणू पोरगी परीक्षेत नापास झाली. कोमलच्या मुलाच्या बारशाचं बोलावणं वहिनीला आलं नाही. आमच्या घरी आलं. माझी बायको पद्मावती जाऊन आली, आणि परत आल्यावर माझं ताट वाढून ठेवून बाहेर पडवीत जाऊन बसली.

मला वाटलं होतं वहिनी भांडेल. देवळात जाऊन गाऱ्हाणं घालेल, देवापुढे कौल लावा म्हणेल, याची तर मी धास्तीच घेतली होती. पण ती भांडली नाही. मे महिन्यात एका दुपारी कुंपणापाशी आली आणि तिने मला हाक मारली.

"भावजी, तुमच्या त्या कागदार माज्या अंड्याचो आकडो कितको इलो?"

पाच, मी म्हटलं.

"आनी तुमचो तेरा." मग मागे वळून अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत म्हणाली, "माज्या कोंब्यांक काय झाला असात?"

तिला शंका माझी नव्हती. माझ्या पंख्याची नव्हती. तिला शंका आली होती ती कोंबड्यांची. भावजी शिकलेले, भावजींकडे कागद, तर कागद कशाला खोटं बोलेल? त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. हिरवा पाला घाल, मका घाल, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण मला वाटलं, एक धागा ओढला की सगळं उसवेल. आणि मी म्हटलं, "जात जुनी झाली आसतली गे. भायरचो कोंबो घुसलो काय जात बिघाडता."

उचलली जीभ लावली टाळ्याला. असं काही नसतं. हे माझं पहिलं सरळ खोटं, आणि ते मी सावलीत उभं राहून, दात कोरत बोललो.

वहिनीने मान हलवली. पुढे महिनाभर मी तिला अंगणात कोंबड्यांशी बोलताना ऐकलं नाही. त्याआधी ती दिवसभर बोलायची, आम्ही कंटाळायचो.

जूनमध्ये मिरग आला. मिरगाला आमच्याकडे घरोघर गावठी कोंबडीचं सांबारं आणि वडे होतात, पावसाळ्यासाठी अंगात ऊब धरून ठेवायला. त्या वर्षी वाड्यावर कोणाला बाजारात जावं लागलं नाही. शेवंतीवहिनीने आपल्या अकरा कोंबड्या आणि कोंबडा घरोघर देऊन टाकला. बिघडलेली जात ठेवून काय करायची, पुढे नको वाढायला, असं ती म्हणाली म्हणे. ज्यांनी बारशाला बोलावलं नव्हतं त्यांनाही दिली. विनोदिनीने ती घेतली. खोट्या अंड्यांच्या कोंबड्यांचं सांबारं चालतं, त्याला आकडा लागत नाही.

एक आमच्याकडे आली, पाय बांधलेली, वहिनीच्याच हातून. पद्मावती म्हणाली, मी नाही करणार. मग तिनेच केली, कारण दारात आलेली कोंबडी परत कशी पाठवायची. मी जेवलो. खरं सांगतो, रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला. अशी चव माझ्या तीनशे कोंबड्यांना सात जन्मांत यायची नाही, आणि हे वाक्य तोंडात घास असतानाच माझ्या मनात आलं. मग घास पाण्याबरोबर ढकलला.

दुसऱ्या दिवशी मी काहीतरी करायचं म्हणून माझ्या शेडमधल्या दोन तरण्या कोंबड्या वहिनीला नेऊन दिल्या. अंड्यावर आलेल्या, तेरा नंबरच्या. भरपाई म्हणा, नाहीतर माझी सोय म्हणा. तिने त्या हात जोडून घेतल्या. शेडमधल्या कोंबड्यांना मोकळं फिरता येत नाही, मुंगूस न्यायचं, म्हणून तिने त्या पडवीत मोठ्या टोपलीखाली ठेवल्या आणि कणी-भात घालायला लागली. मी ते पाहिलं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माणूस स्वतःची लबाडी विसरतो तेव्हा आपला धंदाही विसरतो, हे मला नंतर कळलं.

जून संपता संपता, एका सकाळी, वहिनी कुंपण ओलांडून थेट आमच्या स्वयंपाकघरात आली. एवढ्या वर्षांत ती कधी हाक मारल्याशिवाय आत आली नव्हती. हातात बशी होती. बशीत फोडलेलं अंडं, फिकट पिवळं. तिची पाचावर धारण बसली होती.

"भावजी, तुमच्या कोंब्येचा हा. बारा दिसांत ह्या झाला." तिने बशी मेजावर ठेवली आणि दोन्ही हात माझ्यापुढे उलटेसुलटे केले, मला तपासायला दिल्यासारखे. "कोंब्यांचा कायएक नाय होता. माज्याच हाताक अपेश आसा. कोमलच्या पोराक माजो हात लागलो नाय ता बरा झाला."

पद्मावती चुलीपाशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं सांगून झालं होतं.

मी उठलो, शेडमध्ये गेलो, पावडरची पिशवी आणून बशीशेजारी ठेवली. आणि म्हटलं, "वैनी, तुज्या हाताचा कायच नाय. तुज्या कोंब्यांचाव कायच नाय होता. माज्या खाद्यात रंग आसा. मी तुका खोटा सांगलंय."

मग सगळं सांगितलं. झेंडू, पंखा, एप्रिलमधलं गवत, विनोदिनीचं मेज, माझे दोन आकडे. वरातीमागून घोडं. ती ऐकत उभी राहिली. मध्येच तिने पिशवीत बोट घातलं, बोटाला लागलेला केशरी रंग बघितला आणि पदराला पुसला. मला वाटत होतं ती शिव्या देईल. मला त्या हव्याच होत्या. शिव्या दिल्या असत्या तर मी मान खाली घालून ऐकल्या असत्या, चार दिवसांनी तिच्या घरी वाळलेले बांगडे नेऊन दिले असते आणि हळूहळू गोष्ट जुनी झाली असती. हे गणित मी उभ्या उभ्या मांडलंही होतं.

ती म्हणाली, "तुमी कागद वाचलात. मी तेंका जल्मापासून हातान दाणो घातलो. माका कळूक व्हया होता. मीच तेंका खोटी म्हटलंय."

माझ्या वाटणीचं तिने उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि मी हात रिकामे घेऊन उभा राहिलो. खालचं मेज बघत होतो. अगदी मनापासून वाटत होतं, तिने ते परत माझ्याकडे टाकावं.

जाताना दारात थांबून ती म्हणाली, "माजा एक काम करा. विनोदिनीक जावन ह्या सांगा. बाकी कायएक नको."

मी त्याच वेळी निघालो. पावडरची पिशवी, पंखा, आणि पडवीतल्या कोंबड्यांचं एक ताजं अंडं रुमालात. दुकानात पाच-सहा माणसं होती. बरं झालं म्हटलं, सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. मी विनोदिनीला सांगितलं की माझी अंडी गावठी नाहीत, कधी नव्हती. रंग पिशवीतला आहे. शेवंतीवहिनीची अंडी खरी होती, उन्हाळ्यात खरं अंडं असंच निघतं. एकही शब्द गाळला नाही. आयुष्यात एवढं सलग खरं मी बोललो नव्हतो.

विनोदिनीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, दाखवा तर खरं, तिच्या कोंबडीचं अंडं. आता पाऊस आहे, गवत आहे, निघेल ना तांबूस?

निघालं असतं. पण तिच्या कोंबड्या आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ल्या होत्या. त्यातली एक विनोदिनीने.

मी घाईघाईने रुमालातलं अंडं तिच्याच बशीत फोडलं. हे बघा, माझी कोंबडी, रंग बंद केला तर बारा दिवसांत अशी. विनोदिनीने फिकट बलक बघितला आणि मान हलवली. म्हणजे शेवंतीकडे गेल्यावर तुमची चांगली कोंबडीसुद्धा अशी झाली, असं ती म्हणाली, आणि दुकानातल्या दोघांनी हूं केलं. मी म्हटलं, आजपासून पावडर बंद करतो, बारा दिवसांनी माझी सगळी अंडी बघा. त्यावर ती हसली, मायेने हसली.

"वैनीसाठी आपलो धंदो खोटो म्हणतास, सगुणभाऊ. असो दीर मेळाक नशीब लागता."

कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. कोणीतरी म्हणालं, दादा असता तर धन्य झाला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे अवलक्षण दाखवायला गेलो तर लोकांनी हात हातात घेतला. पाटीवरचं 'गावठी' मी जाताना बोटाने पुसलं. मी स्कूटरपर्यंत पोचेपर्यंत विनोदिनीने खडू घेतला होता.

शेडमध्ये येऊन मी खाद्याचं पिंप उपडं केलं आणि पावडर नसलेलं खाद्य भरलं. बारा दिवस. त्याआधी बलक उतरत नाही, काही केलं तरी.

वहिनी तिच्या पायरीवर बसली होती. मी कुंपणापाशी दिसताच उभी राहिली.

"सांगलात?"

"सांगलंय."

"मगे? काय म्हणाली ती?"

तिचा चेहरा मला दिसत होता. एप्रिलपासून पहिल्यांदा त्यावर काहीतरी वाट बघत होतं. मी म्हटलं, "पटला तिका."

वहिनीने डोळे मिटले आणि उघडले. पदराने तोंड पुसलं. मग एकदम घाईला आल्यासारखी म्हणाली, "मगे फाल्यां मी जातंय. कोमलच्या बाळाक अजून बघूक नाय मी." आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात एक दुपटं होतं, जुन्या मऊ लुगड्याचं, कडेला निळा टाका घातलेलं. बाळासाठी मार्चमध्येच शिवून ठेवलं होतं म्हणे. कोंदट वास येतो म्हणून तिने ते पडवीतल्या दांडीवर वाऱ्याला टाकलं आणि हाताने सुरकुत्या काढायला लागली.

मी म्हटलं, पाऊस फार आहे गे, दहा-बारा दिवस थांब, मग जा.

ती म्हणाली, छत्री आहे. उद्या सकाळी, बाळाची आंघोळ आटपली की जाते.